उजवीकडची वीतभर फळी

"हा कीबोर्ड नाही नयने, ही भेळ आहे," आत्या म्हणाली. "कुठं काय मिसळलंयस ते तुझं तुला तरी सापडतंय का?"

बार्शीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरवर, मी बनवलेला पहिला कीबोर्ड ठेवला होता. एका हाताचा. डाव्या पंजाखाली सगळ्या कीज याव्यात इतका आटोपशीर. मला त्याचा भलताच अभिमान होता. मराठीत कोणतं अक्षर किती लागतं ते मी जुळवून पाहिलं होतं आणि जास्त लागणारी अक्षरं बोटांजवळ, कमी लागणारी लांब, अशी शहाण्यासारखी मांडणी केली होती. एखाद्या परीक्षेत दाखवला असता तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

"होईल सवय हळूहळू," मी म्हटलं.

"कधी? कोर्ट उघडायच्या आधी, का मी वर गेल्यावर?"

तिने पुन्हा एकदा डावा हात ठेवला. डोळे मिटले. ती कधीच कीजकडे बघून टाइप करत नसे. कीजकडे बघणाऱ्या माणसाला ती टंकलेखक मानतच नसे. ओठ हलवत तिने एक शब्द मारला आणि डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर जे उमटलं होतं ते कोणत्याच भाषेत नव्हतं.

"बघ," ती म्हणाली. "मी 'सरकार' म्हटलं आणि ह्यानं काय ऐकलं बघ."

मी हसले. ती हसली नाही. तिने हात मागे घेतला, पदर पुढे ओढला आणि पदराखालचा उजवा हात आणखी आत सारला. तो हात ती कुणालाच दिसू देत नसे.

त्या वर्षी थंडीत आत्याला अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला. बोलणं सावरलं, आणि आमच्या घरच्यांच्या मते ते आधीपेक्षा जास्तच सावरलं. उजवा हात मात्र परत आला नाही. खांद्यापासून नुसता लोंबत असायचा. ती त्याला 'तो मेला' म्हणायची. "तो मेला मध्ये मध्ये येतोय, जरा बाजूला कर," असं आईला सांगायची, जणू घरात आलेला कुणी नकोसा पाहुणा आहे.

द्वारका कसपटे हे नाव बार्शी कोर्टात सगळ्यांना माहीत होतं. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये टंकलेखकांची टेबलं होती, त्यातलं कडुनिंबाच्या बाजूचं आत्याचं. माझ्या जन्माआधीपासून. आधी मराठी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला, पण कामाची रीत बदलली नाही. वकील टेबलाशेजारी उभा राहून तोंडाने सांगणार आणि आत्या थेट टाइप करणार. कच्चा कागद नाही, थांबणं नाही. वकिलाचं शेवटचं वाक्य हवेत असतानाच तिचं पूर्णविरामावर बोट. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, पण स्वतःला आमच्या घरची म्हणण्याआधी ती शेडमधली म्हणायची.

आणि शेडचा एक नियम होता. लिहिलेला नाही, पण पाळलेला. आजारपण असो की बाळंतपण, टेबल राखून ठेवायचं. पण उन्हाळ्याची सुट्टी संपून कोर्ट उघडलं की ज्या टेबलावर काम करणारा माणूस नाही, ते टेबल पुढच्या नंबरवाल्याला. पुढचा नंबर वैरागच्या ढेंगळेंचा होता. माणूस वाईट नव्हता. कितीतरी वर्षं थांबला होता.

आत्याची खुर्ची तोवर शेजारच्या टेबलावरचे तांबोळी चाचा सांभाळत होते. खुर्चीवर तिचा जुना टॉवेल टाकलेला होता आणि त्यावर कुणाला बसू द्यायचे नाहीत.

एका हाताने साधा कीबोर्ड चालवून पाहिला नव्हता असं नाही. डावा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचा, जागा सोडली की बोटं आंधळी व्हायची, आणि वकील एक वाक्य सांगून चहा पिऊन परत येतील इतका वेळ लागायचा. तिचे रोजचे वकील देगावकर. ते घरी मोसंबी घेऊन आले होते आणि बसल्या बसल्या म्हणाले होते, "बाई, आता आराम करा. फार केलंत." फार प्रेमाने म्हणाले होते. ते गेल्यावर आत्याने मोसंबीची पिशवी माझ्या आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "मेलेल्या माणसाला फळं आणलीत त्यांनी."

तेव्हा मी म्हटलं होतं, मी करते तुझ्यासाठी कीबोर्ड. मिक्सर, इन्व्हर्टर, टीव्हीचे रिमोट दुरुस्त करणारी मी. कीबोर्ड म्हणजे काय, बटणांचा ढीग. इतकं काय अवघड!

आणि आता तो माझा हुशार कीबोर्ड काउंटरवर पडला होता.

"माझ्या बोटांना सगळं येतंय गं," आत्या म्हणाली. आवाज खाली आला होता. "तू त्यांना नवीन गाव दाखवायलीस. ह्या वयात मी नवीन गावात घर शोधत हिंडू का? चाचांना सांग, टॉवेल काढा म्हणावं."

ती उठली आणि भिंतीला धरत धरत घराकडे निघाली. मी चाचांना काही सांगितलं नाही. मला तिचा राग आला होता आणि त्याहून जास्त माझा.

तिचं म्हणणं मात्र डोक्यात राहिलं. बोटांना सगळं येतंय. मग अक्षरांच्या जागा बदलायच्याच कशाला? मराठी टाइपरायटरचे दोन भाग असतात, डाव्या हाताची अक्षरं आणि उजव्या हाताची. डावा भाग जसाच्या तसा ठेवायचा. उजवा भाग उचलायचा आणि डाव्याच्या पलीकडे, वरच्या बाजूला ठेवायचा. हात जवळ असला की डावी अक्षरं, जरा पुढे सरकवला की उजवी. पळापळ थोडी, गाव तेच. मला हे लगेच पटलं. मला माझ्या सगळ्याच कल्पना लगेच पटतात.

अॅक्रिलिकच्या पाट्या कापणाऱ्याकडून मी नवीन तुकडा कापून आणला, एकेका कीला एकेक चौकोनी भोक. त्यात स्विच बसवले. हे स्विच मी मुद्दाम बाहेरून मागवले होते, दाबले की टक् वाजणारे. आत्याला कॉम्प्युटरचे नेहमीचे कीबोर्ड कधीच आवडले नव्हते, ती त्यांना 'चिखल' म्हणायची. बोट रुततं आणि काही कळत नाही. हे स्विच तिने एकदा दाबून पाहिले होते आणि पुन्हा पुन्हा दाबत बसली होती, म्हणून ते मी ठेवले.

मग सोल्डरिंग. प्रत्येक स्विचला मागे दोन पाय. एका पायाला डायोड लावून आडव्या ओळीत जोडायचा, दुसऱ्या पायाला तार लावून उभ्या ओळीत. सगळ्या तारा शेवटी एका छोट्या कंट्रोलरला जातात आणि कोणत्या आडव्या-उभ्या ओळीची गाठ पडली यावरून त्याला कळतं कोणती की दाबली. काम सोपं, पण चिकाटीचं. आणि ते करायचं कीबोर्ड पालथा घालून. पालथ्या कीबोर्डमध्ये डावं ते उजवं दिसतं, हे ध्यानात ठेवून तारा जोडाव्या लागतात. जवळचा गट जोडताना मी हे छान ध्यानात ठेवलं. पलीकडचा गट जोडत असताना एक बाई धूर निघणारा मिक्सर घेऊन आल्या, त्यांच्या सूनबाईने तो कसा जाळला याची हकीकत त्यांनी सविस्तर सांगितली, आणि मी माना डोलावत तारा जोडत राहिले.

आत्याला दुकानात आणायला मला तिच्या खाण्याच्या पानांची लालूच दाखवावी लागली. दुपारची वेळ. मे महिन्यातली बार्शी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ती खुर्चीत बसली, तोंडात पान, चेहरा असा की बघते तुझं काय नवीन.

"जवळची तुझी डाव्या हाताची," मी सांगितलं. "अगदी तीच. पलीकडची उजव्या हाताची. फक्त आता ती डाव्याने मारायची. म्हणजे डावीकडून मोजायचं. आधी र, मग काना, मग स. तुझ्या करंगळीखाली र येईल, तिच्या शेजारच्या बोटाखाली काना..."

"गप्प बस जरा. मला घेऊ दे अंदाज."

तिने डोळे मिटले. जवळच्या गटावर बोटं ठेवली, दोन-चार अक्षरं मारली, मान हलवली. मग हात पलीकडे सरकवला. करंगळीशेजारच्या बोटाने एक की दाबली.

पडद्यावर 'स' उमटला.

"थांब," मी म्हटलं. "काहीतरी चुकलंय. स तिथं नाहीये."

"आहे की."

"अगं, तिथं काना पाहिजे."

"कुणी सांगितलं?"

"मी! मी बनवलाय हा."

"स इथंच असतो," आत्या म्हणाली. डोळे मिटलेलेच. मग तिने अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाने र मारला. जवळ येऊन मधल्या बोटाने क. पुन्हा पलीकडे, मधल्याच बोटाने काना. पहिल्या बोटाने र.

सरकार.

मी पडद्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी कीबोर्ड तिच्या हाताखालून खेचून पालथा घातला. उघड होतं. पलीकडच्या गटाच्या सगळ्या उभ्या तारा मी उलट्या बाजूने मोजल्या होत्या. डावीकडची ओळ उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. पहिल्यांदा कीबोर्ड जोडणारा प्रत्येक जण ही चूक करतो असं मी वाचलं होतं आणि वाचताना हसले होते.

"सगळं उलटं जोडलंय," मी कपाळावर हात मारला. "बस तू, लगेच सरळ करून देते." आणि मी सोल्डरिंगची गन तापायला लावली.

आत्याने कीबोर्डवर डावा हात पालथा ठेवला. पूर्ण पंजा पसरून.

"हात लावशील तर बघ."

"आत्या, चुकलंय ते!"

"चुकलंय तर माझ्या बोटाला कसं सापडलं?"

आत्या पान चघळायची थांबली होती. मग तिने एक गोष्ट केली जी झटक्यानंतर मी तिला कधीच करताना पाहिली नव्हती. पदर बाजूला केला, डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं आणि तो हात काउंटरवर, माझ्यासमोर, उघडा ठेवला. बोटं वळलेली होती. तिने एकेक सरळ केलं. मग डावा तळवा त्या तळव्याला लावला.

"नमस्कार कसा करतात?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"करंगळीला कोण भेटतं? करंगळी. मधल्याला मधलं. मग त्या मेल्याची करंगळी जे मारायची ते ह्याच्या पहिल्या बोटाला का शिकवायलीस तू? करंगळीचं करंगळीला दे की."

मी खुर्चीत बसले. इतकी साधी गोष्ट होती. टाइपरायटरवर दोन्ही हात शेजारी शेजारी बसतात, दोन्ही करंगळ्या बाहेरच्या अंगाला, दोन्ही पहिली बोटं आतल्या. उजव्या मधल्या बोटाने इतकी वर्षं काना मारला तर डाव्या मधल्या बोटालाही तो कुठेतरी माहीत होता, फक्त आरशातल्यासारखा. मी उजवा भाग सरळ उचलून ठेवणार होते, आणि तारा उलट्या जोडल्यामुळे तो बरोबर बसला होता. मला हसू यायला लागलं आणि थांबेचना. आत्याही हसली, पान सांभाळत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती हसतेय हे मी त्या वर्षात पहिल्यांदा पाहत होते, आणि मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून मी सोल्डरिंगची गन बंद केली.

"आता हात पुढं-मागं पळवायला लावू नकोस," आत्या म्हणाली. तिचा तोरा परत आला होता. "जागा सोडली की गणित बिघडतंय."

"मग?"

"ते तू बघ. इंजिनियर कोण आहे, मी?"

मी बघितलं. एकदा उलटं बरोबर ठरल्यावर पुढचं भराभर सुचत गेलं. दोन गट हवेतच कशाला? एकच गट ठेवायचा, डाव्या हाताचा. अंगठ्याखाली एक लांब की. अंगठा उचललेला असेल तर डावी अक्षरं, अंगठा दाबून धरला तर त्याच कीजवर उजवी अक्षरं, आरशातली. अंगठ्याने नुसती टिचकी मारली तर शब्दांमधली मोकळी जागा. म्हणजे मधल्या बोटाने क, अंगठा दाबून त्याच बोटाने काना. 'का' लिहायला हात जागचा हलायला नको.

तिसरा कीबोर्ड मी सावकाश केला. दुकानाचं शटर अर्धं ओढून, एकाही सूनबाईची गोष्ट न ऐकता. तारा प्रत्येक वळणावर तपासल्या. आत्या रोज दुपारी येऊन शेजारी बसायची आणि प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची. कीजवर बसवायच्या टोप्यांवर अक्षरं छापून घेऊ का, असं मी विचारलं तेव्हा तिला अपमान झाल्यासारखं वाटलं.

"अक्षरं कुणासाठी? मी बघणार आहे व्हय?"

टोप्या कोऱ्या राहिल्या.

खालच्या बैठकीसाठी मी तिच्या जुन्या टाइपरायटरच्या टेबलाची सागवानी फळी घेतली. कीबोर्ड तिच्यावर डाव्या अंगाला बसला आणि उजवीकडे बरीच फळी उघडी राहिली. मी करवत घेतली.

"तेवढी राहू दे," आत्या म्हणाली.

"अगं, उगीच जड होईल. रिकामी तर आहे."

"वीतभर राहू दे म्हटलं ना. आणि तिथं पॉलिश नीट मार, कुसळ टोचलं नाही पाहिजे."

मला वाटलं, चहाचा कप ठेवायला असेल. शेडमध्ये चहा फार चालतो. मी फळी राहू दिली, तिच्या कडा गोल केल्या आणि दोन हात पॉलिश मारलं.

मग तिचा सराव सुरू झाला. आमच्या घरात तो आवाज भरून राहिला, टक् टक् टक्, जेवणाआधी, जेवणानंतर. आई म्हणायची, घरात सुतारपक्षी पाळलाय. सुरुवातीला अंगठा घोटाळा करायचा. वेळेवर उचलला जायचा नाही आणि 'वादी'चं काहीतरी भलतंच व्हायचं. आत्या त्याला शिव्या द्यायची. रागावली की पहिल्या धड्यापासून सुरू करायची, शाळेतल्या पोरीसारखी. मी जुने दावे वाचून दाखवायचे आणि ती टाइप करायची. एके दिवशी मी वाचत असताना मला ठसका लागला, मी थांबले, आणि ती म्हणाली, "पाणी पी आणि लवकर वाच, मी रिकामी बसलेय."

कोर्ट उघडलं त्या सकाळी आम्ही रिक्षाने गेलो. कीबोर्ड मांडीवर, पिशवीत गुंडाळलेला. शेडमध्ये आधीच गर्दी होती. कडुनिंबाशेजारच्या टेबलापाशी वैरागचे ढेंगळे उभे होते, काखेत प्रिंटर. तांबोळी चाचा आत्याच्या खुर्चीला पाठ लावून उभे होते, दोन्ही हात मागे, वाटेत गाय उभी राहावी तसे.

"आल्या बाई," चाचा म्हणाले आणि खुर्चीवरचा टॉवेल उचलून झटकला. "बसा."

ढेंगळे नमस्कार करून म्हणाले, "बाई, तब्येत कशी आहे? मी आपलं... नंबर होता म्हणून..."

"नंबर आहे तुमचा, बरोबर आहे," आत्या म्हणाली. "थोडं थांबा. मला जमलं नाही तर प्रिंटर इथंच ठेवा."

मी तारा जोडल्या. कीबोर्ड टेबलावर आला तशी माणसं जमली. अर्धाच कीबोर्ड, आणि त्यावर एकही अक्षर नाही. शिपाई आला, पक्षकार आले, एक नवखा वकील वाकून बघत म्हणाला, "अक्षरं कुठायत ह्याच्यावर?"

"माझ्याजवळ आहेत," आत्या म्हणाली.

तेवढ्यात देगावकर वकील आले. काळा कोट, हातात फाइल. आत्याला खुर्चीत पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच काळजीत पडला. मला तो चेहरा ओळखता आला, मोसंबीच्या दिवशीचाच होता.

"बाई, उगीच दगदग कशाला? बसा निवांत. मी लिहून देतो, तुम्ही सवडीने करा."

"साहेब, दावा कशाचा आहे?"

"बांधाचा आहे एक. पण तातडीचा आहे, आजच दाखल करायचाय, म्हणून म्हटलं की..."

"मग सांगा."

वकीलसाहेबांनी ढेंगळ्यांच्या प्रिंटरकडे एकदा पाहिलं. मग फाइल उघडली आणि सांगायला लागले. पहिलीच्या मुलाला शुद्धलेखन सांगावं तसे. "वादी... यांचे... कथन... असे... की..."

टक् टक् झालं आणि थांबलं. आत्या वाट बघत होती. ते पुढचा शब्द बोलले, ती पुन्हा थांबली. मग तिने त्यांच्याकडे न बघता विचारलं, "साहेब, दाढ काढलीय का?"

शेडमध्ये हशा पिकला. देगावकरही हसले. त्यांनी घसा खाकरला आणि एकदम त्यांच्या मूळच्या चालीत शिरले. "सदर मिळकत ही वादीच्या वडिलोपार्जित मालकीची व कब्जेवहिवाटीची असून तिच्या पूर्वेस प्रतिवादी क्रमांक एक यांची जमीन आहे व प्रतिवादी क्रमांक दोन हे..."

आत्याने टॉवेल ओढून कीजवर पसरला आणि डावा हात त्याखाली सारला. तिच्या मास्तरांनी तिला असंच शिकवलं होतं, हात झाकून. टॉवेलखाली नुसती हालचाल दिसत होती आणि आवाज येत होता. तो आवाज आता तुटत नव्हता. पडद्यावर ओळ भरायची, खाली उतरायची, पुन्हा भरायची. वकील फेऱ्या मारायला लागले. हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. रंगात आले की ते फेऱ्या मारत, हात हवेत, डोळे पत्र्याकडे. जमलेली माणसं त्यांच्याकडे नाही, पडद्याकडे बघत होती. चतुःसीमा आली, गट क्रमांक आला, दावा दाखल करण्यास कारण कोठे व कधी घडले ते आलं. मी अंगठ्याच्या चुका शोधत होते. एखाददुसरी होती, पण मी दाखवण्याआधीच ती परत जाऊन नीट करून यायची.

मग वकीलसाहेब अचानक थांबले. बोट हवेतच राहिलं. कपाळाला आठ्या.

"कुठं होतो मी?"

"बांधावर," आत्या म्हणाली. "प्रतिवादी क्रमांक दोन बांध कोरायलाय, साहेब. तुमचीच वाट बघायलाय तो."

शेडमध्ये असा काही गलका झाला की कोर्टाच्या पायरीवरून पट्टेवाला बघायला आला. चाचांनी टेबलावर थाप मारली. देगावकर पडद्यापाशी आले, वाकून शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसले. काही लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"बाई, मी तुम्हाला आराम करा म्हटलं होतं," ते म्हणाले.

"मोसंबी चांगली होती," आत्या म्हणाली.

ढेंगळ्यांनी प्रिंटर दुसऱ्या काखेत घेतला. "चला, म्हणजे माझा नंबर आणखी लांबला," असं म्हणाले, पण हसत म्हणाले. जाण्याआधी टॉवेलचं टोक उचलून एकदा खाली डोकावले आणि मान हलवत गेले.

माझी छाती इतकी फुगली होती की मला बसवेना. हे मी बनवलं होतं. माझ्या तारा, माझे डायोड, माझी चूक. मी आत्याच्या उजव्या बाजूला गेले आणि तेव्हा मला तो दिसला. उजवा हात. पदराबाहेर, उघडा, त्या पॉलिश केलेल्या वीतभर फळीवर ठेवलेला. बोटं सरळ केलेली, चारी एका ओळीत, जिथे एरवी उजवा भाग असता बरोबर तिथे. सगळी शेड तिथे उभी होती, आणि ती तो झाकत नव्हती.

"आत्या," मी हळू आवाजात म्हटलं, "अवघडेल तो. मांडीवर घेऊ का?"

"राहू दे तिथंच," ती म्हणाली. तिने पडद्यावरची नजर काढली नाही. "इतकी वर्षं त्यानंच केलंय. काना त्याला येतोय, र त्याला येतोय. हा डावा त्याच्याकडं बघून करायलाय नुसतं. मास्तरला घरी ठेवून कशी येऊ मी?"

मी उगीच वायर तपासल्यासारखं केलं.

"हं, साहेब," आत्या म्हणाली. "बांध कोरला. पुढं?"

पुढे ती खूप वर्षं त्या टेबलावर बसली. तिच्यामागोमाग मला दुसरे लोक विचारत आले. कारखान्यात एक हात निकामी झालेला एक पोरगा, अपघातातून उठलेली एक शिक्षिका, मग लांबलांबची माणसं. आता माझ्या दुकानात मिक्सर येत नाहीत, तेच काम उरलंय. प्रत्येकाच्या हाताप्रमाणे मांडणी वेगळी, स्विच वेगळे, काहींना टोप्यांवर अक्षरं लागतात. पण दुसऱ्या बाजूला वीतभर फळी मी सगळ्यांनाच ठेवते, पॉलिश करून. गिऱ्हाइकं विचारतात, ही रिकामी कशाला, कापून टाका की. मी म्हणते, राहू द्या.

पहिल्यांदा टाइप करायला बसली की थोड्या वेळाने त्यांचं त्यांना कळतं.